वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बीए मॅडम: आठ स्प्रिंटांचा हिशेब

मालकांचा मुलगा म्हणाला, "काका, उद्यापासून बीए मॅडम येतील, तुमच्या बाजूला बसतील." मी म्हटलं, "बी.ए. झालेली पोरगी काय करून राहिली इथं? मी बी.कॉम. आहो, तरी मले टीडीएस समजत नाई." तो पोट धरून हसला. बीए म्हणजे बिझनेस ॲनालिस्ट, धंद्याला काय पाहिजे ते विचारून प्रोग्रॅमवाल्यांना सांगणारं माणूस, हे मला वयाच्या ५७ व्या वर्षी, अमरावती रोडवरच्या आमच्या पत्र्याच्या ऑफिसात, कूलरच्या घरघरीत कळलं.

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगतो. आम्ही ट्रान्सपोर्टवाले. नागपूरजवळच्या वाडीत गोडाऊन, १४ गाड्या घरच्या, बाकी बाजारातून लावतो. हैदराबाद, रायपूर, जबलपूर, इंदूर या आमच्या लाइनी. बिल्टी (माल बुक केल्याची पावती), ई-वे बिल (माल रस्त्यानं न्यायला लागणारा सरकारी ऑनलाइन कागद), ड्रायव्हरची खर्ची, पोचपावती आणि पार्टीचं बिल एका जागी यावं म्हणून आयटी पार्कातल्या एका लहान कंपनीकडून सॉफ्टवेअर करून घेतलं. दोन आठवड्यांच्या कामाचा एक टप्पा, त्याला ते स्प्रिंट म्हणतात, स्प्रिंटचे ८५ हजार, आजवर आठ झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढं थोडी तक्रार आहे, आणि त्या पोरांशी माझं रोजचं काम आहे. स्क्रीन किती चकाचक आहे हे मला सांगता येत नाही, मला सगळ्या सारख्याच दिसतात. आमच्या डोक्यातलं काम त्यांनी बाहेर कसं काढलं, त्याचा हा रिव्ह्यू समजा.

एकदा आमचा हात पोळलेला आहे. २०१६ च्या दिवाळीनंतर दुसऱ्याच एका कंपनीनं ९२ पानांचा इंग्रजी गठ्ठा आणून ठेवला होता. पानोपानी सही. मालकांनी केली, मीही केली. वाचला कोणी? मी ११ व्या पानापर्यंत गेलो होतो, मग हैदराबादची गाडी लागली. त्यात व्हॅटचा टिन नंबर, सर्व्हिस टॅक्सचा कॉलम, चेकपोस्टची नोंद, सगळं आम्ही सांगितलं तसंच होतं. सॉफ्टवेअर आलं सप्टेंबर २०१७ मध्ये. १ जुलैलाच जीएसटी लागलेला. टिन गेला, सर्व्हिस टॅक्स गेला, चेकपोस्ट उठले. बदल करून द्या म्हटलं तर त्याचं वेगळं कोटेशन. त्यांना तरी काय बोलणार, सह्या आमच्याच. १ एप्रिल २०१८ पासून परराज्याच्या मालाला ई-वे बिल सक्तीचं झालं, तेव्हा त्या कॉम्प्युटरवर आमचा रात्रीचा चौकीदार भजनं ऐकायचा.

म्हणून या नव्या कंपनीनं "सगळं आधी लिहून घेणार नाही" म्हटल्याबरोबर मालक उखडले. "घर बांधायचं आन् नकाशा नाई?" पोरगी म्हणाली, आधी एकच खोली बांधू, तुम्ही राहून पाहा, आवडलं नाही तर कोणत्याही स्प्रिंटनंतर थांबा, पुढचे पैसे देऊ नका. हे शेवटचं वाक्य मालकांच्या कानात बरोबर शिरलं.

ॲजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर असं थोडं थोडं करून दाखवत बांधायची पद्धत, हा शब्द मी पोरांच्या तोंडून ऐकला होता, पण तो कुठून आला ते तिनं सांगितलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटा राज्यातल्या स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, मागं बारा तत्त्वं. त्यातलं एक असं, की धंदेवाले आणि प्रोग्रॅमवाले यांनी काम संपेपर्यंत रोज सोबत बसावं. म्हटलं, बर्फात लिहायला काय जाते, वाडीत मे महिन्यात ४५ डिग्रीत रोज सोबत बसून दाखव. तर ती बसली. पहिले तीन आठवडे रोज सकाळी दहा ते दोन, माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत. ओला दुपट्टा डोक्यावर, मांडीवर वही, लॅपटॉप बंद.

करारात प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणतं काम आधी ते ठरवणारा, म्हणून एकाच माणसाचं नाव हवं, असा त्यांचा हट्ट होता. मालक म्हणाले, ओनर तर मीच आहो. मुलगा म्हणाला, मी तरुण आहे, मला समजतं. पोरीनं फक्त एवढंच विचारलं, "रात्री नऊ वाजता दोन पार्ट्यांचा माल पडला आहे, गाडी एकच आहे. कोणाचा माल आधी भरायचा हे कोण ठरवतं?" दोघांनी माझ्याकडं पाहिलं. झालो मी प्रॉडक्ट ओनर. पगार तोच. पुढं तिनं मला स्क्रम गाईड, म्हणजे स्प्रिंटनं काम कसं करायचं त्याची छोटी पुस्तिका दाखवली, २०२० ची आवृत्ती. त्यात खरंच लिहिलं आहे की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, कमिटी नसते. गंमत म्हणजे त्या पुस्तिकेत तिचं स्वतःचं पदच नाही. प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, डेव्हलपर्स, बस. "मंग तुले पगार कोणत्या खात्यातून देते?" मी विचारलं. "डेव्हलपर्समध्येच धरतात काका, पण मी कोड लिहीत नाही, तुमच्याशी बोलते." तेव्हा मी हसलो होतो. सहाव्या स्प्रिंटमध्ये हसू गेलं, ते पुढं येतंच.

तर मागण्या. आमच्या तिघांच्या तिन्ही तऱ्हा. तिनं सगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून घेतल्या, मराठीत, आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक चिकटवल्या. वरची आधी होणार, खालची नंतर, आणि ओळ कधीही बदलता येते. मालकांना मोबाइलवर नकाशा हवा होता, गाड्या पळताना दिसल्या पाहिजेत. ती म्हणाली, "नकाशा पाहून तुम्ही काय कराल?"

"पाहीन."

"पाहून?"

"पार्टीचा फोन आला तर सांगीन नं, गाडी कुठं पोचली ते."

"आत्ता कसं सांगता?"

मालकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी ड्रायव्हरला फोन लावतो आणि वहीत लिहितो, देवलापार, सिवनी, लखनादौन. तिनं नकाशाची चिठ्ठी सतराव्या नंबरवर नेली आणि वर नवी लावली: बिल्टीसमोर 'गाडी कुठं' म्हणून एक ओळ, क्लार्क फोनवर ऐकून भरणार, मालकांना मोबाइलवर दिसणार. दुसऱ्या स्प्रिंटमध्ये दीड दिवसात ते झालं. नकाशासाठी १४ गाड्यांत मशिनं बसवावी लागली असती, आणि बाजारातल्या गाड्यांत कोणी बसू दिली असती? मालक दोन दिवस रुसले. आता दर तासाला मोबाइल उघडून बसतात.

चारच्या चहाची गोष्ट मी ऑफिसात सगळ्यांना सांगून झालो, इथंही सांगतो. ई-वे बिलाला मुदत असते. साध्या गाडीला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. गाडी मध्येच बिघडली, मुदत संपली आणि रस्त्यात तपासणीत सापडली तर माल अडकतो, आणि मालाचा मालक पुढं आला तरी कराच्या दुप्पट दंड. चार लाखांचा माल, १८ टक्क्यांनी ७२ हजार कर, म्हणजे एक लाख ४४ हजार गेले. तेव्हा मुदत संपायच्या आधी इशारा यावा, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डेव्हलपर पोरानं इशारा लावला २४ तास आधी. डेमोत घंटी वाजली, सगळ्यांनी टाळ्या दिल्या. ती मात्र माझ्याकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, तुम्ही मुदतीचे फोन किती वाजता लावता?"

"चार वाजता. चहा झाला की."

"चारच काहून? बाराला का नाही?"

मला उत्तर देता येईना. कितीतरी वर्षं मी चारलाच लावतो. तिनं सोडलं नाही. बाराला लावला तर काय होते? मी म्हटलं, बाराला लावून उपयोग नाही. काहून नाही? कारण तेव्हा ई-वे बिलाचं सरकारी पोर्टल मुदत वाढवूच देत नाही. आणि मग माझंच मला आठवलं: मुदत संपते मध्यरात्री, आणि वाढवता येते ती संपण्याच्या आधीच्या आठ तासांत नाहीतर नंतरच्या आठ तासांत. मध्यरात्रीतून आठ तास वजा केले की दुपारचे चार! नियम माझ्या डोक्यातून उतरून चहाच्या वेळेत जाऊन बसला होता. २४ तास आधीची घंटी वाजली असती, क्लार्कनं पोर्टल उघडलं असतं, पोर्टलनं नाही म्हटलं असतं, त्यानं घंटी बंद केली असती आणि चार वाजता तो विसरला असता. तिनं चिठ्ठीच्या मागं लिहिलं, इशारा ४ वाजता, आणि वाढ होईपर्यंत दर तासाला.

चिठ्ठीची मागची बाजू हीच खरी चिठ्ठी, असं ती म्हणायची. पुढं एकच वाक्य, बुकिंग क्लार्क म्हणून मला अमुक पाहिजे, म्हणजे तमुक होईल. रॉन जेफ्रीज नावाच्या माणसानं २००१ मध्येच सांगून ठेवलं आहे म्हणे, की कार्ड फक्त आठवणीपुरतं, खरं काम त्यावरचं बोलणं, आणि शेवटी खात्री. ही खात्री ती माझ्याच तोंडून उदाहरणात काढून घ्यायची. माझ्याजवळ एका चिठ्ठीचा फोटो आहे, तो तसाच उतरवतो. "समजा हैदराबादचा माल, अंतर ५०० किलोमीटर. ई-वे बिलात गाडी नंबर ३ तारखेला रात्री ११.५० ला टाकला, तर मुदत ६ तारीख संपेपर्यंत. तोच नंबर १२.१० ला टाकला, तर ७ तारीख संपेपर्यंत." कारण पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीला संपतो. वीस मिनिटं थांबलं की अख्खा दिवस पदरात पडतो, हे वाडीतल्या कोणत्याही बुकिंग क्लार्कला विचारा, तो हसेल. डेव्हलपरनं घड्याळाचे तास मोजले होते, तीनदा २४. ही चिठ्ठी त्याच्या टेबलावर गेली तेव्हा त्यानं मला फोन करून विचारलं, "काका, हे खरं आहे?" म्हटलं, बापा, यावरच तर आमचं चालते.

पहिल्या स्प्रिंटमध्ये मला वाटलं होतं बुकिंगची पूर्ण स्क्रीन होईल, सगळ्या प्रकारांची, पेड (भाडं आधीच), टू-पे (भाडं माल घेणारा देतो), टीबीबी (भाड्याचं बिल नंतर). तसं झालं नाही. तिनं एकच पार्टी घेतली, टीबीबीवाली, बुटीबोरीची, फुल लोड. त्या एका पार्टीची बिल्टी बुकिंगपासून बिलापर्यंत नेली, बाकी सगळं सोडून. मी चिडलो, हे काय पोरखेळ करून राहिले! पण बिलापर्यंत पोचल्यावर समजलं की त्या पार्टीला बिलावर बिल्टीची तारीख नको, पोचपावतीची पाहिजे, आणि वजन तिच्या काट्याचं, आमच्या नाही. बुकिंगची स्क्रीन आधी पूर्ण केली असती तर हे चौथ्या महिन्यात कळलं असतं, आणि तोवर दोन्ही खाने चुकीच्या जागी बसले असते. तरी मला आतून ते तुकडे-तुकडे आवडत नाहीत, हेही सांगून ठेवतो. सवय आहे, वही एकदम पूर्ण आखायची.

प्रिंटरचं तिनं रात्री पकडलं. डेमोत बिल्टी लेझर प्रिंटरवर निघाली होती, पांढऱ्या कागदावर, कंपनीचा लोगो रंगीत. मालक खूश. ती म्हणाली मला एकदा रात्रीची भरती पाहायची आहे. आली साडेदहाला, वडील स्कूटरवर सोडायला, आणि ते बाहेर टपरीवर बसून राहिले. तिनं पाहिलं की गोडाऊनमधला क्लार्क जुन्या डॉट मॅट्रिक्सवर कार्बनच्या छापील बिल्टीवर ठोकतो, एका ठोक्यात चार प्रती. माल पाठवणाऱ्याची, घेणाऱ्याची, ड्रायव्हरची, ऑफिसची. लेझरवर त्याच चार प्रती म्हणजे चार कागद, चारदा शाई, आणि धुळीत तो लेझर पावसाळ्यापर्यंत टिकला असता तर मी नाव बदललं असतं. वरून सव्वाअकराला लाइट गेली, इन्व्हर्टर दोन ट्यूबलाइटींचाच. ती अंधारात मोबाइलच्या उजेडात लिहीत होती: नेट नसताना बिल्टी निघाली पाहिजे, नंतर आपोआप चढली पाहिजे. आम्ही हे कधी सांगितलंच नव्हतं. लाइट जाते, हे सांगायची गोष्ट आहे का? वडिलांना मी दोनदा चहा पाठवला.

इथपर्यंत पाच स्टार. आता सहावा स्प्रिंट.

पाचव्याच्या शेवटी कंपनीनं तिला दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाकडं लावलं. आम्हाला सांगितलं, आता तुम्ही सराईत झाला आहात, थेट डेव्हलपरशी बोला, ॲजाइलमध्ये तेच अपेक्षित असतं. मला बरंच वाटलं, खरं सांगतो. फोन आला की मी उत्तर द्यायचो. एकदा विचारलं, "काका, बिल्टी रद्द करता यायला पाहिजे ना?" मी वजनकाट्याजवळ उभा होतो, म्हटलं, हो हो, रद्द होते. झालं. सातव्यात बटण आलं, लाल रंगाचं, सुंदर. क्लार्कनं चुकीची बिल्टी बनली की दाबायला सुरुवात केली. महिनाअखेरीस सीए साहेबांचा फोन, "तुमच्या बिल्टीचे तीन नंबर कुठं गेले?"

आमच्यात रद्द म्हणजे आडवी रेघ, 'रद्द' असा शिक्का, चारही प्रती पुस्तकातच टाचलेल्या, नंबर जिथल्या तिथं. त्या पोराच्या दुनियेत रद्द म्हणजे पुसून टाकलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ती असती तर तिनं विचारलं असतं, "शेवटची बिल्टी कधी रद्द केली? दाखवा." मी पुस्तक उघडलं असतं, शिक्का दिसला असता, दोन मिनिटांचं काम. त्या तीन नंबरांपायी दोन रविवार गेले, ड्रायव्हरांना विचारत फिरलो, आणि एक गाडी तर खरंच गेली होती, तिचीच बिल्टी पुसली गेली होती. पार्टी ओळखीची म्हणून भाडं बुडालं नाही.

आठव्याच्या आधी त्यांच्या त्या मागं वळून पाहायच्या मीटिंगमध्ये मला बोलावलं. मी आवाज चढवला, कबूल करतो. एक गोष्ट चांगली, कोणी वाद घातला नाही. डेव्हलपर पोरानं स्वतःच सांगितलं की त्या चिठ्ठीच्या मागं काही लिहिलेलं नसताना त्यानं ती उचलली. तिला आठवड्यातून दोन दिवस परत दिलं, मंगळवार आणि शुक्रवार. पुसलेल्या नंबरांची दुरुस्ती फुकट केली. रविवारांचं मी मागितलं नाही.

किरकोळ गोष्टी. कोणत्या चिठ्ठीला किती काम, याचा पत्ते वाटून अंदाज लावतात, १, २, ३, ५, ८, १३, सगळे एकदम उलटतात. मालक पहिल्यांदा आत आले आणि त्यांना वाटलं ऑफिसात तीनपत्ती चालू आहे. सकाळची उभ्याची मीटिंग फोनवर असते, मी तसाही उभाच असतो. इंग्रजी शब्द जरा जास्त झाले, चिठ्ठ्यांच्या त्या ओळीला बॅकलॉग म्हटलं की मला कॉलेजातले राहिलेले पेपरच आठवतात. डेमो त्यांनी सुरुवातीला दर दुसऱ्या शुक्रवारी चार वाजता ठेवला होता, आणि चारचं तुम्हाला आता ठाऊक आहे. तो साडेबारावर आला.

पैशाचं म्हणाल तर सहा लाख ८० हजार झाले आणि काम संपलेलं नाही. टू-पे अजून वहीतच आहे. आधीच्या त्या ९२ पानांना याच्या निम्मे लागले होते, पण ते सगळेच पाण्यात गेले. आता बिल पोचपावती आली त्या दिवशी निघतं, आधी आठ-दहा दिवस जायचे, कारण पोचपावत्यांचा गठ्ठा मी रविवारी सोडवायचो.

चार स्टार. घ्यायचं असेल तर करारात एक ओळ घालून घ्या, की चौकशी करणारं माणूस शेवटच्या स्प्रिंटपर्यंत आपल्याकडंच राहील, आणि किती दिवस येईल तेही आकड्यात लिहून घ्या. आमच्या करारात 'टीम' एवढाच शब्द होता, आणि टीम तर होतीच की, सहाव्यातही होती.

नववा स्प्रिंट सोमवारी लागतो. वरची चिठ्ठी वाराईची आहे, माल उतरवायचे पैसे कोणी द्यायचे. रायपूरला ड्रायव्हर देतो आणि खर्चीत लावतो, हैदराबादला पार्टी देते. इंदूरचं तिनं विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, थांब, शुक्रवारी इंदूरची गाडी परत येऊन राहिली, ड्रायव्हरले विचारून सांगतो.